सासरवाडीची टोपी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते माझ्या दाढीचं. दाढी माझी, आरसा तिच्या हातात, आणि पाणी अर्धा ग्लास. त्या साली आमच्या गावात टँकर आला तर आला, नाहीतर आडावर नुसती घागरींची रांग. म्हणून दाढीला अर्ध्या ग्लासाच्या वर थेंब मिळणार नाही, हा तिचा कायदा होता. सरकारचे कायदे मोडता येतात. तिचे येत नव्हते.

"कानापाशी साबण राहिलाय," मी म्हणलो. "जरा दे की पाणी."

"राहू द्या. गोरे दिसताव."

"अगं, खाजतंय."

"मग खाजवा. खाजवायला पाणी लागत न्हाई."

दाढी झाली की ग्लासातलं गढूळ पाणी ती दारातल्या कढीपत्त्याला घालायची. तेलाच्या फुटक्या डब्यात लावलेलं झाड. गावातली लिंबं वाळली, हे काही वाळलं नाही. कढीला साबणाचा वास येतो असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "बरं हाय की. पोट आतून धुऊन निघतं."

त्या दिवशी दाढीची एवढी घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी आम्हाला नांदेडला जायचं होतं. आणि नांदेडहून पुढं तिच्या बापाकडं. तिचा बाप इटलीत होता.

"अस्वलासारखं आलेलं चालायचं न्हाई," आरसा हलवत ती म्हणली. "जावई हाव तुम्ही."

"तुझा बाप उठून बघणार हाय व्हय?"

"बघंल. तुमाला काय माहीत?"

दुपारी ती अंगणात राखेनं भांडी घासायला बसली आणि बसल्या जागी एका अंगावर कलंडली. मला वाटलं डोळा लागला. ओरडलो पण, की उन्हात काय झोपतीस. ती झोपली नव्हती. त्या दिवसाचं मी एवढंच सांगणार.

आता तिच्या बापाचं सांगतो, म्हणजे इटली कुठून आली ते कळंल.

तिचं गाव औशापासून किल्लारीच्या वाटेला. तेव्हा इकडं निजामाचं राज्य आणि तिकडं सोलापूर इंग्रजाचं. मोठी लढाई चालू होती, भरती सोलापूरला होती. तिचा बाप विशी-बाविशीचा गडी, घरी शेत थोडं आणि भाऊबंद जास्त. हद्द ओलांडून गेला आणि शिपाई झाला. तो गेला तेव्हा ही आईच्या पोटात होती. बोटीनं कुठं नेलं ते घरात कुणाला कळलं नाही. पुढं कुणीतरी सांगत आलं, की तो तिकडच्या मुलखात पडला. माझी सासू म्हणली, "पडलेला बघितलाव का तुम्ही? न्हाई ना? मग गप बसा." तिनं कुंकू पुसलं नाही. ठसठशीत कुंकू लावून जगली आणि ते लावूनच गेली. बाया नाकं मुरडायच्या. मुरडू देत. नाक त्यांचं.

चुलत्यानं हिला वाढवलं. लग्नात माझे पाय त्यानंच धुतले, तेही असे भरभर, की टाचा कोरड्याच राहिल्या. पुढं तोही गेला. भाऊ नाही, भाचा नाही. सणाला गावच्या पोरीबाळी माहेरी निघाल्या, की माझी आई हिला बोलायची, "हिला ना माहेर, ना माहेरचं कुत्रं." ही चुलीपुढून हसत उत्तर द्यायची, "हाय की, आत्या. समुद्रापल्याड हाय. बाप निघालाय, वाटेत हाय."

हे ती इतकी वर्षं म्हणत आली, की आमच्या घरात तो पाहुणा वाटेतच असल्यासारखा होता. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद. दहा वर्षांनी लातूर नवा जिल्हा झाला, गावात हलगी वाजली, पेढे वाटले. हिनं पेढा तोंडात टाकला आणि माझ्यावरच घसरली, "आता बाप आला तर शोधंल कुठं? तुम्ही तर जिल्हाच बदलून बसलाव!" जसं काय जिल्हा मीच केला होता.

तर अशा माणसाचा पत्ता नांदेडच्या एका रिटायर सुभेदारांनी काढला. जुन्या शिपायांच्या घरच्यांना धरून धरून भेटणं हाच त्यांचा उद्योग. त्यांनी सांगितलं, की इटलीतलं एक डोंगरी गाव जर्मनांच्या हातून सोडवताना हिचा बाप आणि त्याच्या पलटणीतले लोक पडले, आता ते गाव त्यांच्या नावाचा दगड उभा करतंय, तिकडच्या हयात असलेल्या म्हाताऱ्या सैनिकांचा सत्कार करतंय आणि पडलेल्यांच्या लेकरांना बोलावतंय. जाण्यायेण्याचं तेच बघणार. हिनं ते ऐकलं आणि पदर डोक्यावर घेतला. सासऱ्यापुढं घेतात तसा नाही, देवापुढं घेतात तसा. मग मला म्हणली, "बघा. म्हणलं नव्हतं? हाय माझं माहेर."

पासपोर्ट झाले, सगळं झालं. आणि ही भांडी घासता घासता निघून गेली.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणले, पुण्यवान बाई, काही इच्छा राहिली नाही. मी म्हणलो, "कावळा उपाशी होता. दुष्काळात त्याला कसली इच्छा अन् कसलं काय." भावकीनं मला गप केलं. पण माझं खरं भांडण तेराव्याला झालं.

आमच्याकडं बायको गेली, की तेराव्याला सासरवाडीची माणसं येतात आणि जावयाच्या डोक्यावर नवी टोपी घालतात. मग त्याचं तोंड गोड करतात. म्हणजे दुखवटा निघाला, आता दाढी कर, गोडाचं खा, चार माणसांत फिर. तोवर माणूस बोडका. आता माझ्या सासरवाडीचं कोण येणार? पोरानं औशाच्या बाजारातून पांढरी टोपी आणून ठेवली होती. भावकीतला एक म्हातारा ती घेऊन उठला.

"कोण तुम्ही?" मी म्हणलो.

"अरे, मी तुझा चुलतभाऊ!"

"ते माहीत हाय. सासरवाडीचे कोण?"

"सासरवाडीचं कुणी नसंल तर कुणीबी सोयऱ्यानं घातली तरी चालती."

"तुमाला चालंल. कुणाच्याही हातची टोपी घालायला मी काय दुकानातला पुतळा हाय?"

पोरगा रडकुंडीला आला. "दादा, मग काय जन्मभर बोडकं फिरणार?"

"फिरीन."

लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. मी दुसऱ्याची टोपी घातली असती, तर तिला कुणी नव्हतं हे पंचांपुढं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. ती आयुष्यभर हसत एक गोष्ट सांगत आली, ती मी तेराव्याला खोटी पाडू? मग मी तसाच राहिलो. डोकं उघडं, दाढी वाढलेली, चहा बिनसाखरेचा. आमच्याकडं माझ्या वयाचा माणूस बोडका दिसला, की लोक वाटेत थांबून विचारतात. त्यामुळं मी घराबाहेर पडणंही सोडलं.

चैत्रात सुभेदार घरी आले. ओट्यावर बसले आणि म्हणले, "मामा, हे काय करून राहिले तुम्ही? तिकडचा कार्यक्रम पुढं गेला, नवं तिकीट झालेलं हाय. चला."

"लेकीला बोलावलं होतं. लेक गेली."

"मग जावई जाईल."

"बोडका? सासरवाडीला?"

सुभेदार पलटणीतले, त्यांना वाद घालायची सवय नाही. ते म्हणले, "सोमवारी निघायचं," आणि उठले. पोरानं पिशवी भरली. तिनं बापासाठी करून ठेवलेली शेंगदाण्याची चटणी त्यात घातली आणि ती पांढरी टोपीही खाली दडपली. मी ते बघितलं.

हैदराबादच्या विमानतळावर पहिलं भांडण झालं. माझ्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती. तिथली बाई म्हणली, पाणी न्यायचं नाही, त्या टोपल्यात टाका. टोपल्यात बघितलं तर भरलेल्या बाटल्यांचा ढीग! आमच्याकडं तेव्हा लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं, आणि इथं टोपलंभर पाणी फेकलेलं. मी म्हणलो, "फेकणार न्हाई." तिथंच उभा राहून सगळी बाटली प्यालो. मागं रांग तटली. मग टोपल्यातली दुसरी उचलायला वाकलो, तर सुभेदारांनी बखोट धरलं. "मामा, विमानात लघवीला जायला वरून जावं लागतं माणसांच्या!" खरंच लागलं. पुढचा सगळा प्रवास मी शेजारच्याच्या मांडीवरून येजा करण्यात काढला.

दुसरा साहेब पासपोर्टातला फोटो बघायचा आणि माझी दाढी बघायचा. शेवटी वैतागून मीच म्हणलो, "फोटोतला बायको असतानाचा हाय." त्यानं शिक्का मारला.

तर इटली. ते गाव डोंगराच्या उतरंडीवर, किनवटकडं आहे तशी झाडी, फक्त थंडी अशी, की दात वाजावेत. गावाच्या मधोमध एक दगडी हौद, त्यात दगडाच्या सिंहाच्या तोंडातून पाणी पडतंय. पडतंच राहतं. दिवसा पडतं, रात्री पडतं. कुणी भरत नाही, कुणाची रांग नाही. मी सिंहाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"काय शोधून राहिले, मामा?"

"चावी. बंद करतो. किती वाया चाललंय."

"त्याला चावी न्हाई."

"मग सिंहाच्या तोंडात बोळा घाला!"

तिथं आमच्याबरोबर केरळची एक सिस्टर होती. तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा करते, त्यांची भाषा बोलते आणि हिंदीही बोलते. तिची हिंदी केरळची, माझी हिंदी निजामाची, पण काम भागलं. तिनं माझं बोलणं सिंहाजवळच्या बायांना सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की एकीनं मला मिठीच मारली. मी इकडंतिकडं बघितलं. सवयीनं. ही बघत असती तर इटलीतच महाभारत झालं असतं.

समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी. बँडवाले, झेंडे, गावची सरपंचीण छातीवर आडवा तिरंगी पट्टा घालून. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर म्हातारे सैनिक, कुणी पाचसहा असतील, मांडीवर शाली, छातीवर बिल्ले. त्यांच्यासमोर नवा दगड, त्यावर नावं कोरलेली. माझ्या सासऱ्याचं नाव खालून दुसरं. सुभेदारांनी वाचून दाखवलं. मला अक्षर फार येत नाही, इंग्रजी तर नाहीच, म्हणून त्यांनी माझं बोट धरून त्या नावावरनं फिरवलं. दगड गार होता.

मग बँड वाजला. माझं नाव पुकारलं. सरपंचीण एक मोठा पानांचा हार घेऊन आली, गाडीच्या चाकाएवढा गोल. ती माझ्यापुढं उभी राहिली आणि तो दोन्ही हातांनी पुढं केला.

आता आमच्याकडं स्टेजवर कुणी हार पुढं केला, की माणसानं काय करायचं? मान वाकवायची. मीही वाकवली. सरपंचीण गोंधळली, पण बाई हुशार, की भिऊन गेली कुणास ठाऊक, तिनं सोडून दिला. हार माझ्या डोक्यावरून खांद्यावर येऊन बसला. मी हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला.

बँड थांबला.

"मामा!" सुभेदार ओठ न हलवता बोलले. त्यांचं तोंड वांग्यासारखं झालं होतं. "काढा! तो तुमचा न्हाई. सासऱ्याचा हाय! दगडापाशी ठेवायचा!"

"मग मला कशाला दिला?"

"ठेवायला!"

"आधी सांगायचं की!"

काढायला गेलो, तर पानांचा देठ दाढीत अडकला. सिस्टर धावली, सरपंचीण धावली. दोन बायांनी मिळून मला सोडवलं. खुर्च्यांवरचे म्हातारे सैनिक खांदे हलवून हसत होते, एकाचा बिल्ला गळून पडला. पोरंसोरं तर लोळायची बाकी होती. माझं तोंड तापलं. मग वाटलं, हसू देत. जावयाची थट्टा सासरवाडीला नाही करायची तर कुठं करायची? हार दगडापाशी ठेवला. घातलेला हार दुसऱ्याला द्यायचा नसतो, पण मी सासऱ्याला सांगितलं, "समजून घ्या. पहिल्यांदाच आलोय."

सिस्टरनं मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणलो, "मी ह्यांचा जावई. हे बाविशीतले, मी पंच्याहत्तरीच्या पुढचा. माझा नातू ह्यांच्यापेक्षा मोठा हाय. सासऱ्याला हाक कशी मारावी तेच कळंना. ह्यांची लेक येणार होती. तिची लई तयारी झाली होती. ती न्हाई येऊ शकली." मग पिशवीतनं चटणीचा डबा काढला आणि हाराशेजारी ठेवला. सिस्टर सगळं तिकडच्या भाषेत सांगत होती. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. छत्र्या उघडल्या. लोक भिंतीकडं सरकले. मी सरकलो नाही. महिने झाले होते अंगावर पाणी पडून. मी तोंड वर करून तसाच उभा राहिलो.

खुर्चीवरचा एक म्हातारा काठी टेकत उठला. नव्वदीचा असेल. माझा सासरा जगता तर ह्याच वयाचा असता. त्याच्या डोक्यावर हिरवट टोपी, तिला एका बाजूला काळं लांब पीस खोवलेलं. डोंगरी पलटणीची टोपी, असं मग सुभेदारांनी सांगितलं. तो माझ्यापुढं आला, माझ्या ओल्या टकलाकडं बघितलं, काहीतरी पुटपुटला, आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली. वरनं एक थापटी मारली, लेकराला मारतात तशी.

मी खाली बसलो. 

सिस्टर घाबरली. "क्या हुआ बाबा? चक्कर?"

"टोपी घाली इनो," मी म्हणलो. दोन्ही हातांनी ती डोक्यावर धरून ठेवली. सुभेदारांना मात्र कळलं होतं.  त्यांनी सिस्टरला सांगितलं, की बायको गेल्यावर आमच्यात जावयाला टोपी कोण घालतं आणि हा माणूस इतके दिवस बोडका का हिंडून राहिला. सिस्टरनं म्हाताऱ्याला सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. म्हातारा दोनदा "क्काय?" अशासारखं बोलला, मग त्यानं काहीतरी विचारलं.

सिस्टर म्हणली, "पूछ रहे हैं, टोपी के बाद और क्या करते हैं?"

"मीठा खिलाते," मी म्हणलो.

म्हाताऱ्यानं माझ्या दंडाला धरून उठवलं. तो नव्वदीचा, मी पंच्याहत्तरीपुढचा, कोण कुणाला उठवतंय कळंना. तो बोडका झाला होता, आणि पाऊस पडतच होता. मला पिशवीतली आठवली. औशाची पांढरी टोपी काढली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर घातली. सोयऱ्यांची भेट झाली म्हणायची. त्या टोपीत तो थेट आमच्याकडच्या बाजार समितीतला माणूस दिसायला लागला. सुभेदार त्याला सलाम करायला गेले आणि हसूच फुटलं.

त्याच्या घरी त्याच्या सुनेनं दुधाच्या सायीचं काहीतरी गोड आणलं, वर कॉफीची भुकटी. पहिला घास त्यानं मला स्वतःच्या चमच्यानं भरवला. मी तो खाल्ला. किती दिवसांनी गोड लागलं. मग दुसरी वाटी मागितली. जावई होतो, लाजायचं कशाला?

"मामा, साखर हाय तुम्हाला," सुभेदार म्हणले.

"ती लातूर जिल्ह्यात. इथं न्हाई."

सकाळी लवकर उठलो. खोलीत नळ होता, सोडला की गरम पाण्याची धार. पिशवीतून दाढीचं सामान काढलं. ग्लास घेतला, अर्धा भरला, नळ घट्ट बंद केला. आरसा भिंतीला होता, धरायला कुणी लागत नव्हतं. पिसाची टोपी खुंटीवर अडकवली आणि एवढी वाढलेली दाढी सावकाश काढली. खिडकीत कुंडी होती, त्यात लाल फुलं. ग्लासातलं पाणी तिला घातलं. कानापाशी थोडा साबण राहिला होता. राहू दिला.